व्यसन सोडणाऱ्याचे पहिले आठ दिवस

आजचा पाठ उपासनेनंतर एकत्र बसून वाचण्याजोगा आहे. तो स्त्रियांनींही ऐकावा अशी आमची विनंती आहे. कारण ज्या घरांत व्यसन शिरलें, त्या घरांत रात्रीं जागत बसण्याचें काम बहुधा त्यांच्याच वांट्यास येतें.

कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांत सुगीच्या उपकारस्तुतीची सभा होती. आम्ही त्या सभेस हजर होतों. वीस वर्षें दारू पिणारा एक गृहस्थ, वय चाळिशीच्या आसपास, सर्वांदेखत उभा राहिला आणि म्हणाला, "आजपासून थेंब घेणार नाहीं." मंडळीनें गीत गाइलें, आम्हींही आनंदानें त्याचा हात हातीं घेतला. त्यानें आपलें वचन पाळलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याचा हात इतका कांपूं लागला कीं, चहाची बशी तोंडापर्यंत नेववेना. शेजारी म्हणाले, "विष उतरत आहे, उतरूं द्या." त्याच रात्रीं त्यास झटका आला, तोंडास फेंस आला, पण थोड्या वेळानें तो शुद्धीवर आला, म्हणून कोणीं दवाखान्याचें नांव काढलें नाहीं. तिसऱ्या रात्रीं भिंतीवर मुंग्या चालत आहेत असें म्हणून तो हातांनीं भिंत झाडूं लागला, मेलेल्या भावाशीं बोलूं लागला, बायकोस ओळखीनासा झाला. अंग तापलें, घाम थांबेना. कोणी म्हणाला, भूत लागलें. कोणी म्हणाला, विश्वास खरा नव्हता. त्यास बाजेस बांधून सारी रात्र प्रार्थना चालली. उजाडण्यापूर्वीं त्याचा प्राण गेला.

माती दिल्यावर त्याची बायको आम्हांस म्हणाली, "साहेब, पीत होते तोंवर जिवंत होते, सोडली आणि गेले. मग सोडा म्हणून त्यांना कां सांगितलंत?" त्या वेळीं आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. हा पाठ म्हणजे त्या बाईच्या प्रश्नाचें उशिरा दिलेलें उत्तर होय.

पाठाचें तात्पर्य आम्ही आरंभींच सांगतों. व्यसन सोडल्यावर पहिल्या आठ दिवसांत शरीरास जी पीडा होते, ती आजार आहे. तीस भूतबाधा समजूं नये आणि तिच्यावरून कोणाचा विश्वासही मोजूं नये. तीस औषध आहे. आणि कांहीं प्रकारांत तें औषध वेळेवर न मिळाल्यास माणूस मरतो. यास्तव शपथेपूर्वीं दवाखाना, आणि दवाखान्यानंतर सोबत, असा क्रम प्रत्येक मंडळीनें ठरवून घ्यावा.

१. ही पीडा कां होते

डॉक्टर लोक हिला 'विथड्रॉवल' म्हणतात. मुंबई-पुण्याकडील गर्द ओढणारे आपसांत 'टर्की' म्हणतात. आम्ही ह्या पाठांत हिला 'सुटकेची पीडा' म्हणूं. तलफ ही निराळी. तलफ म्हणजे मनाची ओढ, आणि ती कित्येक महिने राहते. सुटकेची पीडा शरीराची असते; ती ठराविक वेळीं चढते आणि ठराविक वेळीं उतरते.

आमच्या वडीलधाऱ्यांनीं मोट पाहिली आहे. भरलेली मोट ओढीत बैल धांवेवरून खालीं उतरत. मोटेचें ओझें मागें ओढी, आणि बैल तितकाच जोर पुढें लावीत. अशा वेळीं नाडा तुटला, तर बैल तोंडघशीं पडत. त्यांत बैलांचा दोष काय? त्यांनीं ओझ्याच्या मानानें जोर लावला होता. ओझें एकाएकीं नाहींसें झालें आणि जोर तसाच राहिला.

दारू पिणाऱ्याच्या मेंदूचें असेंच होतें. दारू मेंदूचें काम मंद करते. रोज हें ओझें पडूं लागलें म्हणजे मेंदू उलट बाजूनें जोर लावावयास शिकतो, आणि दारू असतांनाही तो जागता राहूं लागतो. म्हणूनच मुरलेला दारूबाज पुष्कळ पिऊनही सरळ चालतो. आतां एके दिवशीं दारू एकदम बंद केली म्हणजे ओझें जातें, पण मेंदूचा जोर राहतो. मग हात कांपतात, छाती धडधडते, झोप उडते, झटके येतात आणि नसलेलें दिसूं लागतें. मेंदूस पुन्हां पूर्वस्थितीवर यावयास कांहीं दिवस लागतात. औषधाचें काम इतकेंच कीं, नाडा तुटूं न देतां ओझें हळूहळू खालीं उतरवावें.

ही गोष्ट वैद्यकशास्त्रासही पूर्वीं ठाऊक नव्हती. थॉमस सटन नांवाच्या इंग्रज वैद्यानें १८१३ सालीं ह्या कंपयुक्त भ्रमास 'डिलिरियम ट्रेमेन्स' असें नांव दिलें. परंतु हा भ्रम दारूच्या विषानें होतो, कीं उपासमारीनें, कीं दारू सोडल्यानें, ह्याविषयीं पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू राहिला. १९५५ सालीं अमेरिकेंत केंटकी प्रांतांतील लेक्सिंग्टन येथें हॅरिस इस्बेल व त्याचे सहकारी ह्यांनीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांस पोटभर अन्न व जीवनसत्त्वें मिळत होतीं अशा माणसांनीं कित्येक आठवडे भरपूर दारू घेऊन ती एकदम बंद केली असतां त्यांच्यांतील कांहींस झटके व भ्रम झाला. त्यावरून दारू एकाएकीं तुटणें हेंच ह्या पीडेचें मूळ आहे हें स्पष्ट झालें. म्हणजे ज्यास आम्हीं त्या रात्रीं भूत म्हटलें, त्याचें कारण पुस्तकांत केव्हांच लिहिलेलें होतें. आम्हींच तें वाचलें नव्हतें.

२. दारूची पीडा व तिचें वेळापत्रक

शेवटचा पेला घेतल्यापासून तास मोजावे. सहा ते चोवीस तासांत हात कांपणें, घाम, मळमळ, उलटी, बेचैनी व निद्रानाश हीं लक्षणें दिसतात. पुष्कळांची पीडा एवढ्यावरच थांबते आणि चार-पांच दिवसांत ओसरते. कित्येकांस सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या आंत झटके येतात. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपासून चवथ्या दिवसापर्यंत तो भयंकर भ्रम होण्याचा काळ असतो. शंभर पीडितांत सुमारें पांच जणांस तो होतो. त्यांत रोगी दिवस-रात्र ओळखीत नाहीं, किडे किंवा जनावरें दिसतात, ज्वर चढतो आणि हृदयावर ताण पडतो. पूर्वीं अशा रोग्यांपैकीं फार लोक दगावत. आज योग्य उपचार मिळाल्यास शंभरांत पांचांहून कमी दगावतात. आमच्या त्या बंधूची तिसरी रात्र ह्या वेळापत्रकांत तंतोतंत बसते, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

उपचार कोणता? डायाझेपाम, क्लोरडायाझेपॉक्साइड, लोराझेपाम अशा नांवांच्या गोळ्या डॉक्टर देतात. त्या मेंदूस दारूसारख्याच रीतीनें शांत करतात, म्हणून आरंभीं पुरेशी मात्रा देऊन ती कांहीं दिवसांत उतरवीत नेतां येते. १९६९ सालीं अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ह्याची मोठी परीक्षा झाली, तींत क्लोरडायाझेपॉक्साइड घेणाऱ्यांस इतर औषधें घेणाऱ्यांपेक्षां झटके व भ्रम पुष्कळ कमी झाले. परंतु ह्याच गोळ्यांची पुढें संवय लागते, आणि दारूबरोबर घेतल्यास श्वास बंद पडण्याचें भय असतें. यास्तव त्या डॉक्टरच्या देखरेखीखालीं, मोजक्या दिवसांपुरत्या घ्यावयाच्या असतात. शेजाऱ्याच्या डब्यांतील उसन्या गोळ्या देणें हें पातक समजावें.

दुसरें औषध थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. दारूबाज नीट जेवीत नाहीं आणि खाल्लेल्यांतील हें सत्त्वही त्याच्या अंगीं पुरतें लागत नाहीं. तें फारच कमी झालें म्हणजे डोळे तिरळे होतात, चाल अडखळते, बुद्धि गोंधळते, आणि पुढें स्मरणशक्ति कायमची जाऊं शकते. म्हणून थायामिन बहुधा सुईनें देतात. येथें एक इशारा आहे. आमच्या खेड्यांत अशक्त माणूस दिसला कीं 'ग्लुकोजची बाटली लावा' असा आग्रह होतो. थायामिन न देतां नुसतें ग्लुकोज दिल्यास हाच विकार उफाळण्याचा संभव असतो. दवाखान्यांत नेतांना "हे रोज पीत होते आणि अमक्या वेळीं बंद केली" हें वाक्य लाज न धरतां पहिल्यानें सांगा. तें लपविलें तर डॉक्टरही फसतो.

झोपेच्या गोळ्यांची ज्यास संवय जडली आहे, त्याचीही पीडा दारूच्या जातीची असते. त्या गोळ्या एकदम बंद केल्यासही झटके येतात. त्या महिनोगणती थोड्या थोड्या कमी कराव्या लागतात.

३. अफू व गर्द ह्यांची पीडा

अफू, तिच्यापासून होणारें मॉर्फिन व हेरॉइन, आपल्याकडे गर्द म्हणून विकली जाणारी पूड, कोडीन असलेलें खोकल्याचें औषध आणि कित्येक वेदनाशामक गोळ्या हीं सर्व एकाच कुळांतील होत. ह्यांची पीडा निराळी आहे. अफूनें शरीरांत जें जें केलें, तें तें उलटतें. ती वेदना शमविते. सोडल्यावर हाडें ठणकतात. ती शौचास बांधते. सोडल्यावर जुलाब लागतात. ती झोंप आणते. सोडल्यावर रात्र रात्र डोळा लागत नाहीं. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर कांटा, पोटांत वेठ, आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणें हीं तिचीं ओळखण्याचीं चिन्हें आहेत. गर्दाच्या बाबतींत पीडा आठ ते बारा तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं शिगेस पोहोंचते, आणि आठ-दहा दिवसांत ओसरते.

निरोगी जवान माणूस ह्या पीडेनें सहसा मरत नाहीं. जुलाब व उलट्यांनीं अंगांतील पाणी कमी झालें तर मात्र धोका आहे, म्हणून जलसंजीवनी वरचेवर पाजावी. परंतु खरें मरण ह्या पीडेनंतर टपून बसलेलें असतें. व्यसनांत असतांना जी मात्रा त्यास सहज पचत होती, ती पचविण्याची शक्ति आठ-दहा दिवसांत ओसरून जाते. तो बरा होऊन घरीं येतो, एके दिवशीं मोह होतो, जुन्या मापानें घेतो, आणि त्याचा श्वास थांबतो. तुरुंगांतून किंवा आश्रयगृहांतून सुटून आलेल्यांचे पहिले आठवडे ह्या कारणानें फार धोक्याचे असतात. अशा वेळीं 'नॅलोक्सोन' हें औषध तत्काळ मिळाल्यास श्वास परत चालूं होतो.

म्हणून दोन वाक्यें पाठ करून ठेवावीं. दारू एकाएकीं सोडणें हेंच जिवावर बेतूं शकतें. अफू सोडून पुन्हां एकदां घेणें हें जिवावर बेतूं शकतें.

ह्या पीडेवर दोन मुख्य औषधें आहेत, मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन. दोन्हीं अफूच्याच कुळांतील, परंतु त्यांचा अंमल सावकाश चढतो व पुष्कळ तास टिकतो. त्यामुळें योग्य मात्रेंत कैफ येत नाहीं आणि पीडाही होत नाहीं. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखालीं ठेवावयाचें असतें. तें पीडा सुरू झाल्यावरच द्यावें लागतें. अंगांत गर्द भरलेला असतांना दिल्यास उलट पीडा एकदम उसळते. न्यूयॉर्क येथें व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वँडर ह्या डॉक्टरांनीं १९६५ सालीं मेथाडोनचे परिणाम प्रसिद्ध केले. २००५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हीं दोन्हीं औषधें आवश्यक औषधांच्या यादींत घातलीं. क्लोनिडीन नांवाच्या दुसऱ्या एका औषधानें घाम व बेचैनी उतरते. पण त्यानें रक्तदाब खालीं जातो, म्हणून तें पाहून द्यावें लागतें.

गर्भवती स्त्रीस अफूजन्य पदार्थांचें व्यसन असल्यास तिचें तें एकदम बंद करूं नये. पोटांतील मुलास धोका होतो. तिला डॉक्टर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर ठेवतात.

कोणी विचारील, "एक व्यसन काढून दुसरें घातलें, त्यांत काय मिळविलें?" प्रश्न योग्य आहे आणि त्यास इतिहासाचाही आधार आहे. १८९८ सालीं जर्मनींतील बायर कंपनीनें हेरॉइन हें खोकल्याचें निर्धोक औषध म्हणून विकावयास काढलें होतें. चीन देशांत अफू सोडविण्याच्या गोळ्या मिशनांमार्फतही वांटल्या गेल्या, त्यांतील पुष्कळांत मॉर्फिन असे; तेव्हां लोक त्यांस 'येशूची अफू' म्हणूं लागले. हा डाग आम्हीं लपवूं नये. पण फरक पाहा. त्या गोळ्या कोणीही, कितीही, केव्हांही विकत घेई. हल्लींचें औषध ठराविक मात्रेंत, डॉक्टरच्या नजरेखालीं मिळतें. तें घेणारा माणूस कामावर जातो, मुलांची फी भरतो, सुया टोंचून घेत नाहीं. मधुमेहाचा रोगी रोज इन्सुलिन घेतो म्हणून त्यास आपण व्यसनी म्हणत नाहीं. कित्येकांस हें औषध महिनोगणती, कित्येकांस वर्षोगणती लागतें. तें घाईनें बंद करविणारा नातलग बहुधा त्यास पुन्हां गर्दाकडे ढकलतो.

४. पाळक ह्सी ह्याचें उदाहरण

चीनचें नांव निघालें म्हणून तेथील एका पाळकाची गोष्ट सांगतों. शान्शी प्रांतांत ह्सी नांवाचा एक विद्वान गृहस्थ अफूच्या व्यसनांत बुडाला होता. १८७९ च्या सुमारास डेव्हिड हिल नांवाच्या वेस्लियन मिशनऱ्याच्या संगतींत तो ख्रिस्ती झाला आणि अफू सोडण्यास सिद्ध झाला. त्यास कित्येक दिवस अन्न गेलें नाहीं व झोंप आली नाहीं, असें त्याच्या चरित्रांत सांगितलें आहे. पुढें त्यानें 'सैतानास जिंकणारा' अशा अर्थाचें नांव धारण केलें, आणि १८९६ सालीं मरेपर्यंत अफूबाजांसाठीं अनेक आश्रयगृहें काढलीं.

ह्या गोष्टींत आमच्या प्रचारकांनीं एक बारकावा पाहावा. ज्या मनुष्यानें आपलें नांवच 'सैतानास जिंकणारा' असें ठेविलें, त्यानेंही आपल्या दारीं आलेल्यास नुसती प्रार्थना शिकवून परत पाठविलें नाहीं. त्यानें देशी औषधांच्या गोळ्या तयार केल्या, राहावयास जागा दिली, अन्न दिलें, आणि पूर्वीं व्यसनांतून सुटलेलीं माणसें नव्या माणसांपाशीं ठेविलीं. त्याच्या गोळ्या आजच्या शास्त्राच्या कसोटीस लागलेल्या नव्हत्या. आज आपल्यापाशीं त्याहून चांगलीं औषधें आहेत. परंतु औषध, अन्न, आसरा व सोबत हीं चार एकत्र पाहिजेत, ही त्याची समज आजही खरी आहे.

५. मंडळीनें काय करावें व काय करूं नये

(१) कोणी व्यसन सोडतों म्हणाला, तर त्यास चार प्रश्न विचारा. काय व किती घेतां? शेवटचें केव्हां घेतलें? पूर्वीं सोडतांना झटका किंवा भ्रम झाला होता काय? दुसरा कांहीं आजार आहे काय? हीं उत्तरें कागदावर लिहून त्याच्याबरोबर दवाखान्यांत जा.

(२) जो रोज सकाळीं उठल्याबरोबर पितो, किंवा न पितां ज्याचे हात कांपतात, त्यास डॉक्टरनें पाहीपर्यंत दारू एकदम बंद करावयास लावूं नका. हें लिहितांना आमची लेखणी अडखळते. दारूचा थेंबही नको म्हणणाऱ्या आम्हांस हें वाक्य कडू वाटतें. तथापि एक-दोन दिवस त्यानें पूर्वींइतकीच घेऊन मग डॉक्टरच्या हातीं सुरक्षित सोडावी, हें झटका येऊन मरण्यापेक्षां बरें. पण ज्यास झटका आला आहे किंवा भ्रम झाला आहे, त्यास मात्र दारू पाजूं नका. त्यास थेट रुग्णालयांत न्या.

(३) झटका, भ्रम, ज्वर, न थांबणारी उलटी, बेशुद्धि किंवा मंद श्वास ह्यांपैकीं एकही चिन्ह दिसल्यास उजाडण्याची वाट पाहूं नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. झटका चालू असतां रोग्यास कुशीवर वळवा, आसपासच्या कठीण वस्तु दूर करा. तोंडांत चमचा घालूं नका, पाणी ओतूं नका. कांदा किंवा जोडा हुंगविण्यांत वेळ घालवूं नका.

(४) बांधूं नका, कोंडूं नका. दारू व मादक पदार्थ ह्यांच्या सेवनानें होणाऱ्या मनोविकारांचा समावेश २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यांत केलेला आहे, आणि अशा रोग्यास साखळदंडानें बांधणें त्या कायद्यानें मना आहे. अंधारांत बांधलेल्या माणसाचा भ्रम वाढतोच. खोलींत मंद दिवा ठेवा, ओळखीचें एकच माणूस जवळ बसूं द्या, दिवस कोणता व आपण कोठें आहों हें त्यास हळू आवाजांत सांगत राहा.

(५) 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींची पूड चहांत घालूं नका. दारू सोडविण्याचें 'डायसल्फिराम' नांवाचें एक खरें औषध आहे. तें घेऊन वर दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, आणि प्रसंगीं जीव जातो. म्हणून तें रोग्यास सर्व समजावून, त्याच्या संमतीनें आणि दारू पूर्ण उतरल्यावरच देतात. पिणाऱ्याच्या अन्नांत गुप्तपणें घालणें म्हणजे त्यास विष घालण्यासारखेंच आहे. जाहिरातीच्या पुड्यांत तर काय असतें हें कोणासच कळत नाहीं.

(६) प्रार्थना सोडूं नका. पण ती रोग्याच्या उशाशीं हळू आवाजांत करा, आणि गाडी बोलाविल्यावर करा.

६. आठ दिवसांनंतर

पीडा उतरली म्हणजे व्यसन गेलें, असें समजणें ही दुसरी मोठी चूक होय. आठ दिवसांत शरीर मोकळें होतें. संवय, संगत, रिकामी संध्याकाळ व जुनें दुःख हीं तशींच उभीं असतात. पुण्यांत डॉ. सुनंदा (अनिता) व डॉ. अनिल अवचट ह्यांनीं पु. ल. देशपांडे ह्यांच्या साहाय्यानें १९८६ सालीं 'मुक्तांगण' हें केंद्र सुरू केलें. तेथें औषधोपचारानंतर कित्येक आठवडे राहून काम, व्यायाम, गटांतील बोलणें व कुटुंबाची भेट असा क्रम असतो. अमेरिकेंत ओहायो प्रांतांतील अ‍ॅक्रन येथें १९३५ सालीं दोघां दारूबाजांनीं एकमेकांस आधार देऊन 'अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ सुरू केली. तिच्या सभा महाराष्ट्रांतही पुष्कळ ठिकाणीं भरतात, आणि तेथें फी नाहीं.

गरज किती मोठी आहे हें एका आंकड्यावरून दिसेल. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेली देशव्यापी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत देशांतील सुमारें १६ कोटी लोक दारू घेतात, आणि दारूच्या अधीन झालेल्या ३८ जणांत एकासच कांहीं उपचार मिळाला, असें आढळलें. बाकीचे ३७ कोठें आहेत? ते आमच्या गल्ल्यांत, आमच्या बांधांवर आणि आमच्या मंडळ्यांच्या मागल्या बाकांवर आहेत. ज्यास कोठें जावें हें कळत नाहीं, त्यानें सरकारच्या १४४४६ ह्या व्यसनमुक्तीच्या मोफत दूरध्वनीवर विचारावें, किंवा जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभागांत जावें.

शपथ घ्यावयाची असेल तर ती दवाखान्यांतून परत आल्यावर घ्यावी. त्या दिवशीं मंडळीनेंही एक शपथ घ्यावी: आम्ही सहा महिने रोज संध्याकाळीं पाळीपाळीनें ह्याच्या घरीं जाऊं, हा पुन्हां पडला तर चावडीवर त्याची गोष्ट करणार नाहीं, पुन्हां डॉक्टरकडे नेऊं. एकदां पडणें हें ह्या आजारांत वारंवार घडतें. पडलेल्यास लाजविलें म्हणजे तो लपून पिऊं लागतो, आणि लपून पिणारा लपूनच मरतो. शोमरोनी मनुष्यानें जखमी वाटसरूच्या जखमा बांधल्या, त्यास उतारशाळेंत नेलें, आणि परत येतांना उरलेला खर्च देईन असेंही सांगितलें. आम्ही बहुधा पहिली गोष्ट करतों व तिसरी विसरतों.

आतां त्या बाईस आमचें उत्तर. बाई, तुमच्या नवऱ्यानें दारू सोडली हें त्यांनीं बरेंच केलें. ती कशी सोडावी हें त्यांस सांगणें आमचें काम होतें, आणि आम्हांसच तें ठाऊक नव्हतें. ते वचनाला जागले, चुकलों आम्ही. तुमच्या गांवांत पुढचा माणूस उभा राहील, तेव्हां टाळी वाजविण्यापूर्वीं आम्ही गाडी आणूं.

मंडळींत चर्चेसाठीं प्रश्न

१. दारू सोडल्यावर झटके कोणत्या काळांत येतात? भ्रम कोणत्या काळांत होतो?
२. दारूचें व अफूचें मरण निरनिराळ्या वेळीं येतें, तें कसें?
३. ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वीं डॉक्टरांस कोणती गोष्ट सांगितली पाहिजे?
४. नकळत औषध घालणें कां घातक आहे?
५. आपल्या गांवापासून जवळचें रुग्णालय कोणतें, रात्रीं गाडी कोणाची मिळेल, आणि बरोबर कोण जाईल? हीं तीन नांवें आजच लिहून शाळेच्या भिंतीस लावावीं.